पुढच्या खोलीतला फ्रिज

आमच्या घराची सुधारणा सुरू झाली ती मोरीपासून. आधी मोरी म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीच्या कोपऱ्यात टाकलेली एक खडबडीत फरशी आणि पाणी अडवायला तिच्यापुढे विटांचा बांध. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच आणि आयचं मासे साफ करणंही तिथेच. बाबांनी एका वर्षी त्या कोपऱ्याला पांढऱ्या चकचकीत टाइल्स लावून घेतल्या आणि गल्लीतल्या नळाचा एक फाटा थेट आत आणला. पितळेचा तो नळ पहिल्यांदा उघडला तेव्हा आधी नुसतीच हवा फुसफुसली, मग गंजाचं लालसर पाणी आलं आणि मग स्वच्छ धार लागली. आय कितीतरी वेळ तो नळ उघडत होती आणि बंद करत होती. रोज पहाटे हंडे घेऊन रांगेत उभी राहणारी बाई ती. तिच्या तोंडून कौतुकाचा शब्द काही निघाला नाही, पण त्या दिवशी तिने मला टाइल्सवर पाय ठेवून आंघोळ करू दिली नाही. पाट घे म्हणाली, टाइल्स खराब होतील.

बाबांना घर सुधारायचं वेडच होतं. ते दुसऱ्याच्या बोटीवर वाट्याने जायचे. आमच्या कोळीवाड्यातली इतर माणसं मोसम चांगला गेला की बायकोच्या गळ्यात सोनं घालायची, बाबा भिंतीत घालायचे. मोरीनंतर पुढच्या खोलीत मोझॅकची लादी आली. उन्हाळ्यात तिच्यावर पालथं पडलं की पोटाला गार वाटायचं, आणि आम्ही भावंडं गार जागेसाठी सरकत सरकत खोलीभर फिरायचो. मग पंखा आला. तो फिरताना टकटक असा एक ठेका धरायचा, आणि वीज गेली की त्या ठेक्यावाचून आम्हाला झोप यायची नाही. रंग मात्र कधी विकत आणला नाही. बोटीला रंग देऊन उरलेला डबा घरी यायचा, त्यामुळे आमचं दार निळं, चौकट लाल आणि खिडकीचे गज पिवळे होते. खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बोटी आणि आमचं घर लांबून एकाच कुटुंबातली दिसत. मला त्याची शाळेत लाज वाटायची आणि घरी आल्यावर अभिमान वाटायचा.

परवा माझी सून तिच्या नव्या स्वयंपाकघराचे नमुने मोबाइलवर दाखवत होती. दहिसरला आमच्या टॉवरमध्ये हल्ली सगळेच घरं फोडून पुन्हा बांधताहेत. हळूच मिटणारे ड्रॉवर, हात पुढे केला की वाहणारा नळ, धूर ओढणारी चिमणी. तिने विचारलं, "आई, तुमच्या लहानपणी घरात घेतलेली सगळ्यात भारी वस्तू कोणती?" मी "नळ" म्हणाले आणि ते खरंच होतं. पण माझ्या मनात आधी फ्रिज आला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि तिला सुताराशी बोलायची घाई होती.

फ्रिजचं सांगायचं तर आधी आयच्या धंद्याचं सांगायला हवं. आय अंधेरीच्या बाजारात मासे विकायची. तिथली पाटावरची जागा माझ्या आजीची, तिच्याआधी आजीच्या सासूची. पहाटे बोटी लागल्या की आय बंदरावर लिलावात माल घ्यायची, टोपलीत थोडा बर्फाचा चुरा घालायची आणि उजाडता उजाडता बाजारात जाऊन बसायची. दुपारपर्यंत जेवढं विकेल तेवढं विकायचं. उरलेलं कधीही दुसऱ्या दिवशी पाटावर यायचं नाही. बोंबील असले तर दारासमोरच्या बांबूंवर वाळायला टांगायचे, मोठं काही असलं तर मीठ लावून उन्हात. हे सगळं उघड्यावर चालायचं. कोणाचं किती उरलं हे गल्लीतून जाणाऱ्याला बांबूंवरच दिसायचं, आणि त्यात लाजण्यासारखं कोणाला काही वाटत नसे. बाजारात तर एक रीतच होती. पाटावर बसल्यावर 'कालचं' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. गिऱ्हाइकाने विचारलं तरी "आत्ता उतरलंय" एवढंच उत्तर. कालचा दिवस बाजारात नसायचाच.

आणि अशा बाईच्या घरात बाबांनी फ्रिज आणला.

दिवाळीच्या थोडा आधी तो हातगाडीवरून गल्लीच्या तोंडाशी आला. फिकट पोपटी रंगाचा, पुठ्ठ्यात गुंडाळलेला. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागायचं. त्यामुळे बोटीवरच्या गड्यांनी त्याला आडवा करून खांद्यावर घेतला आणि बोट ओढताना घालतात तशी आरोळी देत घरापर्यंत आणला. पोरं पुढे, बायका मागे, अशी ती मिरवणूक होती. आतल्या खोलीत जागा नव्हती आणि प्लग पुढच्या खोलीत होता, म्हणून फ्रिज दारासमोरच उभा राहिला. खरं सांगायचं तर आत जागा असती तरी बाबांनी तो पुढेच ठेवला असता. घेतलेली वस्तू दिसायला नको का? गल्लीतून जाणारा प्रत्येक जण मान वळवून बघायचा आणि बाबा उंबऱ्यावर बसून त्यांचं बघणं बघायचे.

आय बाजारातून आली. टोपली डोक्यावरून उतरवण्याआधीच तिने फ्रिजकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आगो, थंड पानी तरी पिऊन बघ," बाबा म्हणाले.

"पानी पिते," आय म्हणाली. "पन एक आयकून ठेव. म्हावरं या पेटीन जायाचं नाय. घरचं नाय, दारचं नाय, एक कोलंबी पन नाय. मना कलला ना, तर मी ही पेटी खाडीन ढकलीन."

"बरं बाय," बाबा हसून म्हणाले. तिच्या रागाला ते नेहमी हसायचे, आणि इतर वेळी ते चालूनही जायचं.

मग फ्रिजात काय असायचं? पाण्याच्या बाटल्या, दूध, कोथिंबीर, सरबताचा तांब्या आणि आयची वेणी. रोज पहाटे केसात माळायची अबोलीची वेणी ती आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजात ठेवायची आणि सकाळी माळताना मानेला गार लागलं की "आई गं" म्हणायची. तेवढा एक तिचा फ्रिजशी संबंध. मला त्याची घरघर आवडायची. मध्येच तो एक हिसका देऊन थांबायचा आणि घर एकदम शांत व्हायचं, की समुद्राचा आवाज पुन्हा ऐकू यायचा. गल्लीतली पोरं बर्फाचे खडे मागायला यायची आणि बाबा ते वाटायचे.

वाट लागली ती एका थट्टेने. आयच्या शेजारच्या पाटावर हिराबाई बसायची. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. आयची ती लहानपणापासूनची मैत्रीण. एक दिवस कोणी गिऱ्हाईक आयशी फार घासाघीस करत होतं आणि आय भाव उतरवत नव्हती. हिराबाई हसत म्हणाली, "आता जानकी कशाला कमी करंल? तिच्याकडं फ्रिज हाय. आज नाय इकलं तर उद्या इकंल!" दोघीही हसल्या. गिऱ्हाईक मात्र हसलं नाही. पाटावर आणलेल्या 'फ्रिज' या एका शब्दाने काय केलं हे आयला कळायला थोडे दिवस लागले.

आधी लोक नुसतं विचारायला लागले, आजचंच ना? मग गलफडं उघडून बघायला लागले. बघायला हरकत नव्हती, आय स्वतःच उघडून दाखवायची. पण तोवर कोणीतरी नवीच गोष्ट पसरवली की फ्रिजात ठेवलं की मासा शिळा झाला तरी गलफडं लालच राहतात. आता हे खरं की खोटं कोणाला माहीत होतं? आमच्या गिऱ्हाइकांतल्या फारच थोड्यांच्या घरी फ्रिज होता. मासा ओळखण्याची त्यांची सगळी अक्कल फ्रिजच्या आधीची. डोळा, गलफडं, पोट, वास, सगळं बघून झालं तरी शंका उरायचीच, आणि शंकेवर आयकडे काही उपाय नव्हता. आज मला हसू येतं. लांबच्या बोटीत बर्फाखाली कित्येक दिवस निजलेला मासा बंदरावर उतरला की 'ताजा', आणि घरातल्या फ्रिजचं नुसतं नाव निघालं की आयचा पहाटेचा मालसुद्धा 'शिळा'. पण तेव्हा हसायला जागा नव्हती. जुनी गिऱ्हाइकं आयच्या पाटापुढून नजर चुकवून जाऊ लागली आणि पुढच्या पाटावर जाऊन उभी राहू लागली. एक बाई तर आयच्या समोर पुढच्या पाटावर बसणाऱ्या माझ्या चुलतीकडून मासे घेऊन गेली आणि जाताना आयला "बरी आहेस ना?" असं विचारून गेली. आय तो प्रश्न घरी येऊन पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची.

दारासमोरचे बांबू भरू लागले. बोंबील टांगायला जागा पुरेना. जे सुकत नाही ते मीठ लावून बरणीत, जे बरणीत मावत नाही ते आमच्या ताटात. त्या दिवसांत आम्ही घरी पापलेट, सुरमई, हलवा असं खाल्लं की आजूबाजूच्यांना वाटावं आमच्याकडे रोज पाहुणे आहेत. आय आलं-लसूण वाटून तिखट कालवण करायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि स्वतः मात्र कोरा भात मीठ घालून खायची. तो मासा तिच्या घशाखाली उतरत नसे. बाबा मान खाली घालून जेवायचे. पंख्याचा ठेका, फ्रिजची घरघर आणि भाकरी थापल्याचा आवाज. चौथा आवाज घरात नसायचा. मला त्या फ्रिजचा राग यायला लागला होता. एकदा मी त्याला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजला.

बाजारातली जागा पाटावर बसणाऱ्या बाईच्या नावावर चालते. नाव गेलं की गिऱ्हाईक जातं, गिऱ्हाईक गेलं की शेजारणी हळूहळू टोपल्या सरकवत तुमच्या जागेत येतात, आणि एक दिवस तुम्हाला बसायला जागाच राहत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण आय रात्री कूस बदलत "सासूची जागा" असं पुटपुटायची तेव्हा मला समजायचं.

आयची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक म्हणजे परबकाकू. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर कुठेशी वॉचमन झाला. अंधेरीच्या पूर्वेला एका चाळीत राहायच्या. मासे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्यांच्या चाळीतल्या सगळ्या बायका परबकाकू ज्या पाटावर जातील त्या पाटावर जायच्या. गेले काही दिवस त्या बाजारात दिसल्या नव्हत्या. आय रोज त्यांची वाट बघायची, बोलायची मात्र नाही. परबकाकू कुठे गेल्या असं हिराबाईने एकदा विचारलं तर आय तिच्यावर खेकसली.

त्या शनिवारी संकष्टी होती. आयचा उपास, त्यामुळे घरात मासा शिजायचा नव्हता. माझी शाळा सकाळची. मी दुपारी घरी आले तेव्हा बाबा बोटीवरून आलेले होते आणि फ्रिजपुढे उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात ताट होतं आणि ताटात दोन पापलेटं, तळहाताहून मोठी, चांदीसारखी. बोटीवरच्या माणसांना घरी कालवणाला म्हणून जो वाटा मिळतो त्यात त्या दिवशी ती आली होती. एरवी संकष्टीला आलेला वाटा शेजारी काकीकडे जायचा.

"बाबा, आय काय बोलली व्हती?" मी म्हणाले.

"गप गो. उद्या आयतवार. उद्या तिला तलून घालतो मी सोताच्या हातान. किती दिस झाले नीट जेवली नाय." त्यांनी ताटावर दुसरं ताट झाकलं आणि बाटल्यांच्या मागे सरकवलं. "सकालच्याला काढतो. तिला सांगू नको." आणि ते जाळी शिवायला पुन्हा किनाऱ्यावर निघून गेले.

त्यांच्यावर मला अजूनही रागावता येत नाही. त्या माणसाला बायकोला एक घास खाऊ घालायचा होता, एवढंच.

आय आली. टोपली निम्मी भरलेली होती. तिने पाय धुतले, चहा टाकला, आणि तेवढ्यात दारात परबकाकू उभ्या. आयच्या हातातली गाळणी पातेल्यातच पडली. काकू आमच्या घरी याआधी कधी आल्या नव्हत्या. पत्ता विचारत विचारत आल्या होत्या, घामाघूम झाल्या होत्या.

"जानके, उद्या माझ्याकडे व्याही जेवूक येतत," त्या उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या. "चेडवाचा लगीन ठरला. पयलाच जेवान आसा तेंचा. पापलेटां होयी मोठी."

"बाय, बस ना आधी. अगो, किती बरं वाटलं..." आय बोलता बोलता थांबली, कारण काकू बसल्या नाहीत. त्यांची नजर फ्रिजवर गेली होती.

"ह्यो तो फ्रिज?"

"होय बाय."

"मी स्पष्ट बोलतंय हां, राग मानू नको. चाळीत बायका कायबाय बोलतत. मी तेंका म्हटलंय, जानकी तशी नाय. पण माझ्या व्याह्यांचा जेवान आसा. माझ्या मनाक समाधान होया. म्हणान मी सोता इलंय."

मी आतल्या दारात उभी होते. मला पुढचं सगळं दिसलं. आयचं तोंड एकदम उजळलं, इतक्या दिवसांत नव्हतं तसं. तिला वाटलं, शेवटी कोणीतरी तोंडावर विचारलं. तोंडावर विचारलेल्याला तोंडावर उत्तर देता येतं. तिने पदर खोचला.

"बाय, तू बगच. माजा फ्रिज उगडून बग. पानी, दूद न माजी वेनी. म्हावऱ्याचा वास आला तर माजं नाव बदल."

"आय, थांब," मी म्हणाले. "आय, पानी मी देते. काकू, तुम्ही बसा ना."

"तू सर बाजूला."

"आय, अगं माझं ऐक ना."

"नंदे, सर!"

मी फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले होते हे मला तिने हाताला धरून ओढलं तेव्हा कळलं. माझ्या त्या उभं राहण्यानेच काकूंचे डोळे बारीक झाले. आयने दार उघडलं. आतला दिवा लागला. बाटल्या, दुधाचं पातेलं, ओलं फडकं. आय एकेक वस्तू उचलून दाखवू लागली, हे बग, हे बग, आणि दोन बाटल्या बाजूला झाल्यावर तिला ते झाकलेलं ताट दिसलं. तिने ते सहज उघडलं. तिला खरंच वाटलं असावं की आत दही आहे.

फ्रिज घरघरत होता. आय ताट हातात धरून उभी होती आणि मी तिच्याकडे बघू शकत नव्हते.

"बाय, ही..." आय म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं समजलं. पण ते सांगायचं कसं? नवऱ्याने ठेवली म्हणायचं? वाट्याची आहेत म्हणायचं? जगातल्या कुठल्याही पकडल्या गेलेल्या बाईने हेच सांगितलं असतं, आणि आयला ते ऐकू आलं असावं.

"असांदे गो," परबकाकू अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी हातातली पिशवी घडी करून काखेत धरली. "येतंय मी." आणि त्या निघाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

बाबा संध्याकाळी आले तेव्हा आय मोरीच्या बांधावर बसून होती. चंद्रोदयाला अवकाश होता, तोवर ती उपाशी. मी बाबांना दारातच सगळं सांगितलं. ते आत आले, टोपी काढून हातात धरली आणि कधी नव्हे ते हसले नाहीत.

"उद्याच परत देतो फ्रिज," ते म्हणाले.

"नाय."

"मग इकतो. मना नको आता तो."

"नाय सांगितलं ना!" आय ओरडली. "आता हा गेला तर लोक काय बोलतील? पकडली म्हनून टाकला. घरान ठेवला तर मी चोर, बाहेर काढला तर कबूल केलेली चोर. तू मना कुटं आनून उभी केलीस, सांग."

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वादळात सापडलेल्या बोटीतून परत आले होते तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला दोघांचीही इतकी दया आली की मी उगाच नळ सोडला आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासत बसले. आयने चंद्राला हात जोडून उपास सोडला. वालाचं बिरडं आणि भात, जेमतेम चार घास. मग ती उठली, फ्रिज उघडला, ते ताट बाहेर काढून पापलेटांच्या पोटावर बोट दाबून बघितलं आणि ताट पुन्हा होतं तिथे ठेवलं. बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ती फेकून का देत नाही हे आम्हाला कळेना.

पहाटे तिने मला उठवलं. रविवारी मी तिच्याबरोबर बाजारात जायची, म्हणून त्यात नवल नव्हतं. बंदरावर तिने सगळ्यात चांगल्या पापलेटांवर बोली लावली आणि इतर बायका थबकून बघत राहिल्या, कारण तिचा माल खपत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ती मला घेऊन घरी आली आणि फ्रिजातलं ताट काढून माझ्या हातात दिलं.

"हे कुटं नेतेस?" बाबांनी विचारलं.

"बाजारान."

"येडी झालीस का? इकनार हायस?"

"चल नंदे," आय म्हणाली.

बाबा गल्लीच्या तोंडापर्यंत आमच्या मागे आले. सगळा बाजार हसेल, उरलासुरला धंदा बसेल, जानके ऐक माझं, असं सगळं ते दबक्या आवाजात बोलत होते. आय वळली नाही. रिक्षात मी ते ताट मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मनातल्या मनात एकवीरा आईला म्हणत होते की हिला थांबव.

पाटावर आयने आजची पापलेटं उजव्या हाताला मांडली, एकावर एक रेलून, नेहमीसारखी. डाव्या हाताला ते ताट ठेवलं. पाण्याचा शिपका मारला. बाजार भरायला लागला होता. मग ती उभी राहिली. बसून ओरडणारी बाई, ती उभी राहिली आणि तिने तो शब्द उच्चारला.

"ही कालची! फ्रिजान ठेवलेली, कालची! न ही आजची! या, दोनी बगा, दोन्याला हात लावा! फ्रिजान म्हावरं कसं व्हतं ते बगून जा!"

हिराबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. "जानके, गप," ती म्हणाली. "पाटावर काय बोलतेस? तुजा पन नास करशील न आमचा पन."

"कालची!" आय पुन्हा ओरडली. तिच्या मानेची शीर फुगली होती. "ही कालची, ही आजची!"

पहिली माणसं 'कालची' ऐकून सरळ पुढे निघून गेली. एक पँटवाले गृहस्थ बायकोला म्हणाले, इथे नको, ही स्वतःच सांगतेय. माझे कान तापले. पलीकडच्या ओळीतून कोणीतरी हसलं. मला ते ताट उचलून पळत सुटावंसं वाटत होतं. मग एक म्हातारी थांबली, निव्वळ गंमत म्हणून. तिने आजच्या पापलेटाचा डोळा बघितला, कालच्याचा बघितला. आजचा भरलेला आणि पाणीदार, कालच्यावर दुधासारखी साय. गलफडं उघडली. आजची लालभडक, कालची विटकरी. पोट दाबलं, तर आजच्यावर बोटाची खूण उमटली नाही, कालच्यावर खळगा राहिला. "अगं बाई, म्हणजे कळतं की!" ती मोठ्याने म्हणाली. "फ्रिज काय लपवत नाही!" तिच्या आवाजाने आणखी दोघी आल्या. मग चार. बोटं पुढे येत होती, दोन्हीकडे दाबत होती आणि माना हलत होत्या. घेतलं मात्र अजून कोणी नव्हतं.

आणि त्या घोळक्यामागे मला परबकाकू दिसल्या. त्या पलीकडच्या ओळीत पापलेटं बघायला आल्या असणार; त्यांच्याकडे व्याही जेवायला यायचे होते. त्या थोडा वेळ लांबूनच ऐकत राहिल्या, मग लोकांना बाजूला सारत पुढे आल्या आणि पाटासमोर उकिडव्या बसल्या. आयने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती दुसऱ्याच कोणाला गलफडं दाखवत होती, पण तिचा आवाज बदलला होता.

काकूंनी आजचं पापलेट उचललं, हुंगलं, ठेवलं. ताटातलं उचललं, पुष्कळ वेळ हातात धरलं. "ह्यां पण काय वायट नाय गो," त्या म्हणाल्या. "घरात खावक चलात. माका कमी भावान दी ही दोन."

काकूंनी ते खरंच विचारलं होतं, की बघायला विचारलं होतं, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. काटकसरी बाई होती ती, दोन्ही शक्य आहे. आठवडाभराचा सगळा माल घरात सुकत होता आणि सकाळपासून एकही मासा विकला गेला नव्हता. समोर आयचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक हात पुढे करून बसलं होतं. घोळक्यातल्या बायकाही आयकडे बघायला लागल्या. हिराबाईने मान लांब केली.

आयने काकूंच्या हातातून ते पापलेट काढून घेतलं आणि परत ताटात ठेवलं.

"ती इकायची नायत बाय," ती म्हणाली. "ती दाखवाया आनलीत."

काकूंनी काखेतली पिशवी काढली, घडी उलगडली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी पसरून आयपुढे धरलं.

"आजची घाल. व्याह्यांक पुरतीत इतकी. तूच निवड, माका बघूक नको."

आय खाली बसली आणि एकेक पापलेट उचलून पिशवीत घालू लागली. दुसरं पापलेट तिच्या हातातून निसटून पाटावर पडलं, आणि ते काकूंनीच उचलून पिशवीत घातलं.